खाली पाणी, वर ऊन: आईची खोली कुठे करावी?

नागकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न आमच्या घरचा आहे, पण इथे हवामान समजणारे, बांधकामातले, दवाखान्यातले सगळेच आहेत म्हणून विचारतोय.

आमचं घर नागपुरात, अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून दोन गल्ल्या अलीकडे. बैठं, जुनं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मुसळधार पावसाने शहरात पूर आला, ते नागपूरकरांना सांगायला नको. मला जाग आली ती मोरीतून येणाऱ्या गुळगुळ आवाजाने. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर काळं पाणी खालून वर येत होतं. पुढच्या दहा मिनिटांत ते आईच्या पलंगाला टेकलं. आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. शेजारच्या काकांनी आणि मी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट त्यांच्या जिन्याने वर नेलं. उजाडेपर्यंत ती ओल्या साडीत तशीच बसून होती. एक शब्द बोलली नाही.

मी गच्चीवर एक खोली काढायचं ठरवलं आहे. मामा म्हणतात, असा पाऊस शंभर वर्षांतून एकदा पडतो, त्यासाठी आठ लाख घालू नको. बायको म्हणते, स्लॅबखालच्या खोलीत मे महिन्यात आई भाजून निघेल. मला दोघांचंही पटतं आणि तिथेच गाडी अडते.

असा पाऊस पुन्हा येणार हे धरून चालायचं का? आणि खोली वर केलीच, तर आई उन्हाळा कसा काढेल?

सोनेगावकर

मामांच्या 'शंभर वर्षांतून एकदा' पासून सुरुवात करतो, कारण या शब्दांनी खूप लोक फसतात. त्याचा अर्थ 'आता झाला, पुढची ९९ वर्षं सुट्टी' असा नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा आहे. तुम्ही त्या घरात अजून ३० वर्षं राहिलात तर तसा पाऊस निदान एकदा गाठण्याची शक्यता २६ टक्के होते. म्हणजे चारातली एक. आणि हा हिशेब हवामान जसंच्या तसं राहील असं धरून केलेला.

तसं ते राहिलेलं नाही. हवा १ अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते. ढगाला वर चढताना जास्त वाफ मिळाली की तो थोड्या वेळात जास्त पाणी टाकतो. त्या पहाटेपर्यंत विमानतळाच्या वेधशाळेत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला होता आणि त्यातला बहुतेक काही तासांतच पडला. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण हजार-अकराशे मिलिमीटर. वर्षाचा दहावा हिस्सा एका रात्रीत आला, तर तो वाहून नेईल अशी नाली कुठल्याही जुन्या वस्तीत नाही.

पावशा

वाचून अंगावर काटा आला. आई आता बऱ्या आहेत ना?

नागकाठ

हो ताई, तब्येत बरी आहे. पण रात्री पावसाचा जोर वाढला की उठून बसते आणि मोरीकडे बघत राहते.

धरमपेठी_जुना

सोनेगावकर, तुमची वाफ खरी असेल, पण मला हे 'हवामान बदल' प्रकरण जरा सोयीचं वाटतं. १९९१ साली नरखेड तालुक्यात मोवाडला जो पूर आला तेव्हा कोण बोलत होतं हवामान बदलाचं? पूर तेव्हाही आले. आज आभाळाकडे बोट दाखवलं की जमिनीवरच्या चुका झाकल्या जातात.

चुका डोळ्यांसमोर आहेत. नाग नदीच्या पात्रात आणि नाल्यांच्या काठाने बांधकामं झाली. अंबाझरीच्या सांडव्यासमोरच्या बांधकामाचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. शहरभर सिमेंटचे रस्ते झाले ते जुन्या डांबरी रस्त्यावरच थर चढवून, त्यामुळे कित्येक घरांचे ओटे रस्त्याच्या खाली गेले. माझ्या वडिलांनी घर बांधलं तेव्हा रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून आत यावं लागे. आता एक पायरी उतरून यावं लागतं. ते पाणी ढगातून जास्त आलं की कमी, माझ्या दारात ते रस्त्याने आणून सोडलं.

मोवाडची_लेक

काका, मोवाडचं नाव घेतलंत म्हणून लिहिते, नाहीतर मी इथे वाचतच असते.

३० जुलै १९९१. वर्धा नदी. २०४ माणसं गेली. मी तेव्हा सात वर्षांची होते आणि आजोळी होते म्हणून मला पाणी दिसलं नाही, फक्त नंतरचा गाळ दिसला. आमच्या घरातली शिलाई मशीन कुणाच्या तरी शेतात सापडली होती. आईने ती पुसून तेल घालून पुढे पंधरा वर्षं चालवली.

तुम्ही म्हणता ते खरं आहे, पूर तेव्हाही आला. पण मला त्यातून दिलासा मिळत नाही. हवामान एवढं तापलेलं नसताना जर एका रात्रीत गाव जाऊ शकतं, तर तापल्यावर काय, हा विचार मला जास्त झोपू देत नाही.

रानवारा

ताईंनी फार नेमकं लिहिलं. धरमपेठी काका आणि सोनेगावकर दोघंही बरोबर आहेत असं मी म्हणणार आहे, पण कुणाची समजूत घालायला नाही. नुकसान तीन गोष्टींनी ठरतं: आभाळातून काय येतं, त्याच्या वाटेत कोण आहे आणि वाटेत असलेल्यात सोसण्याची ताकद किती आहे. नागकाठ यांच्या घरी त्या रात्री तिन्ही एकत्र आल्या. ढग, नदीकाठचं बुटकं जोतं आणि गुडघे गेलेली आई. नाल्या साफ केल्या म्हणून ढगातली वाफ कमी होत नाही आणि ढगाला दोष दिला म्हणून नाली साफ होत नाही.

आता आकड्यांचं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. यातली वाईट गोष्ट अशी की या पट्ट्यातला एकूण पाऊस वाढलेला नाही. रिमझिम, भिजपाऊस कमी झाला आणि धो-धो वाढला. त्यासाठी लागणारी वाफ बरीचशी तापलेल्या अरबी समुद्राकडून येते. म्हणून आपल्याकडे एकाच जुलैत वीस दिवस दुबार पेरणीची चिंता आणि मग एका रात्री शेत वाहून जाणं, असं होतं.

पण नागकाठ, तुमच्या प्रश्नात एक दुसरा धोका आहे जो या पुराच्या चर्चेत मागे पडतोय. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालात जगभराचा हिशेब आहे. उद्योगपूर्व काळात दहा वर्षांत एकदा पडणारा मुसळधार पाऊस पृथ्वी १ अंशाने तापल्यावर १.३ पट वेळा येतो. दहा वर्षांत एकदा येणारी उष्णता मात्र २.८ पट वेळा, आणि २ अंशांनी तापल्यावर ५.६ पट. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये भारत-पाकिस्तानात जी लाट आली ती हवामान बदलामुळे सुमारे ३० पट अधिक संभाव्य झाली होती असं शास्त्रज्ञांच्या गटाने तेव्हाच काढलं. थोडक्यात, पावसापेक्षा ऊन जास्त खात्रीने वाढतंय. वहिनींच्या उन्हाच्या काळजीला पुराच्या काळजीपेक्षा जास्त वजन द्या असं मी म्हणेन.

बर्डीवाला

ते मागच्या वेळी नागपुरात ५६ अंश झालं होतं ना? माझ्या भावाने पुण्याहून फोन करून विचारलं होतं, अजून आहात ना रे सगळे?

सोनेगावकर

नाही हो, ते खरं नव्हतं. ३० मे २०२४ ची गोष्ट. रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले, पण त्याचा संवेदक बिघडला होता असं हवामान खात्याने नंतर स्पष्ट केलं. नागपूरचा खरा उच्चांक ४७.९, २३ मे २०१३ चा.

आणि हेही सांगून ठेवतो. मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंश जास्त, किंवा थेट ४५, तेव्हा उष्णतेची लाट म्हणतात. आपली मे महिन्याची सरासरीच ४२-४३ च्या घरात. म्हणजे ४४ अंशांना कागदावर लाट नसते. लाट जाहीर झाली तरच काळजी घ्यायची असं करू नका.

रात्रपाळी_परिचारिका

हेच लिहायला आले होते. आमच्या वॉर्डात मे महिन्यात येणारे म्हातारे लोक उन्हात फिरून आलेले नसतात. घरात असतात. वरच्या मजल्यावर, खिडकी बंद, पंखा चालू. दुपारचे ४४ अंश माणूस एकवेळ सोसतो. स्लॅब आणि भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते खोलीत सोडतात, त्यामुळे रात्री शरीराला निवायला जे सात-आठ तास हवे असतात ते मिळत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या रात्री माणूस कोसळतो. सिमेंटच्या शहरात रात्रीच निवत नाहीत, हा माझ्या नोकरीच्या बावीस वर्षांतला सगळ्यात मोठा फरक.

नागकाठ भाऊ, आईंबद्दल काही विचारते. रक्तदाबाची गोळी, त्यातही लघवी जास्त करणारी, चालू आहे का? असेल तर उन्हाळा सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना दाखवा, मात्रा ते ठरवतील, आपल्या मनाने बंद करू नका. वय झालं की तहान कमी लागते आणि घामही कमी येतो, म्हणून 'तहान लागली की पिते' हे चालणार नाही. तास मोजून पाणी, ताक, पन्हं. असंबद्ध बोलणं, झोपाळल्यासारखं होणं, अंग तापलेलं पण कोरडं, ही ऊन लागल्याची लक्षणं आहेत. त्यात थांबायचं नाही. १०८ ला फोन आणि तोवर अंगावर पाणी आणि वरून पंखा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. खिशात कांदा ठेवणारे ठेवोत, पण तेवढ्यावर विसंबू नका.

ताटी_वाळ्याची

कूलर आहे ना पण! नागपूरकराला उन्हाळ्यात कूलर आणि वाळ्याच्या ताट्या असल्या की आणखी काय पाहिजे?

रात्रपाळी_परिचारिका

कूलर कोरड्या हवेत चालतो हो. ताटीतलं पाणी उडून जातं, जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. एप्रिल-मे मध्ये त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, संपतो, ढग येतात, हवेत ओल भरते आणि तोच कूलर खोलीत दमट गरम वारा फेकायला लागतो. मग घामही उडत नाही आणि ताटीतलं पाणीही नाही. पारा ३८ च दिसतो, म्हणून लोक बेसावध राहतात, आणि आमच्या खाटा भरतात. हवा तापली की तिच्यात वाफ जास्त मावते हे वर सोनेगावकरांनी लिहिलंय, ते पुरापुरतं नाही. त्याच वाफेने कूलर निकामी होतो.

आणखी एक, कूलरला अर्थिंग बघून घ्या. ओल्या हाताने पाणी भरताना दरवर्षी माणसं जातात.

काटोलचा_संत्रा

थोडं विषयांतर करून राहिलो, माफ करा. शहरात पूर आला तं बातमी होते, आमच्या बागेत रोजच काही ना काही चालू राह्यते.

संत्र्याचा आंबिया बहार घ्यायचा म्हणजे डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडून त्याले ताण द्या लागते. झाड ताणावर बसलं की फेब्रुवारीत फूल फेकते. आता ताणावर बसलेल्या झाडावर जानेवारीत अवकाळी पाणी पडलं की झालं, ताण तुटला, फुलाऐवजी पालवी. फूल आलं त्याच्यावर मार्चात गारपीट. २०१४ ची गारपीट आठवते ना सर्वांले? त्यातून वाचलं तं मे महिन्याच्या उन्हानं फळगळ. त्यातून वाचलं तं ऑगस्टात आठ दिवस झड, बुरशी आणि पुन्हा फळगळ. माह्या बापानं नक्षत्र पाहून बाग केली. रोहिणी कशी, मृग कसा, सांगता येत होतं. मी मोबाइल पाहून करतो आणि तरी हात जोडूनच करतो.

एक चांगली गोष्ट सांगतो. पुण्याच्या त्याच संस्थेचं 'दामिनी' नावाचं अॅप आहे, जवळपास वीज पडायचा धोका असला तं ते सांगते. माह्या सालदाराच्या मोबाइलमधी मीच टाकून देलं. आभाळ गरजलं की आता आम्ही झाडाखाली थांबत नाही.

धरमपेठी_जुना

काटोलकर, तुमचं वाचून माझ्या आधीच्या प्रतिसादात थोडी भर घालतो. तुमच्या बागेत सिमेंटचा रस्ता नाही, सांडव्यासमोर बांधकाम नाही, तरी ताण तुटतोय. म्हणजे आभाळातही फरक पडलाय हे मान्य. जमिनीवरच्या चुकांबद्दल माझा राग मात्र तेवढाच आहे.

हमाल_कळमना

सर्वांचं वाचून राहिलो होतो. एक सांगतो, राग नका मानू. तुमच्याकडे खाली का वर हा प्रश्न तरी आहे. आमचं घर म्हणजे चार भिंती आणि वर टीन. पाऊस आला तं नाल्याचं पाणी आत, ऊन आलं तं टीन तापून चटके. मी सकाळी पाचपासून पोते उचलतो, दुपारी घरी येऊन पडावं तं घरापेक्षा बाजारातल्या शेडमधी थंड लागते. लेकरू दोन वर्षांचं आहे. मे महिन्यात त्याच्या अंगावर ओला दुपट्टा टाकून झोपवतो.

रानवारा

राग कसला दादा. मी वर तीन गोष्टी लिहिल्या होत्या, त्यातली तिसरी तुम्ही जशी लिहिली तशी मला लिहिता आली नसती. एकच पाऊस, एकच ऊन, पण तुमच्या घराला ते दुसरंच असतं.

स्थापत्यवाला

आता थोडं कामाचं. नागकाठ, तुम्ही नदीकाठच्या बैठ्या घरात असल्यामुळे खोली वर बांधाच, पण त्याआधी स्वस्तातली कामं करून घ्या.

त्या रात्री पाणी दारातून नाही, मोरीतून आधी आलं असं तुम्ही लिहिलंय. गटारात पाण्याचा दाब वाढला की ते उलटं घरात शिरतं. चेंबरपाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, पाणी बाहेर जाईल, आत येणार नाही. दर पावसाळ्याआधी तो उघडून साफ करायचा, केस अडकले तर तो बंदच होत नाही. विजेचा मीटर आणि बोर्ड छातीच्या वर घ्या, खालचे सॉकेट काढून टाका. पाण्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद करता आला पाहिजे, म्हणून तो पलंगापासून हाताच्या अंतरावर आणि उंच हवा.

वरच्या खोलीचं म्हणाल तर ऊन मुख्यतः स्लॅबमधून येतं, तिथेच अडवा. स्लॅबवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं काम करून घ्या, ते नाही जमलं तर दर मार्चमध्ये चुन्यात फेविकॉल घालून दोन हात मारा. पांढरं छत ऊन परत फेकतं, खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी देऊ नका, तिकडे न्हाणीघर किंवा कपाट घ्या. उत्तर-दक्षिण समोरासमोर खिडक्या ठेवा, रात्री त्या उघड्या राहतील अशी जाळी लावा. आणि जिना! पायरी सहा इंचांपेक्षा उंच नको, दोन्हीकडे कठडा, मध्ये एक चौथरा खुर्ची ठेवण्याएवढा. गुडघे गेलेल्या माणसाला पहाटे तीन वाजता अंधारात वर जायचंय हे कंत्राटदाराला समोर उभं राहून सांगा.

पावशा

त्या चौथऱ्याची कल्पना कंत्राटदाराला सुचली नसती.

नागकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल हा धागा आईला वाचून दाखवला. मोवाडच्या ताईंची शिलाई मशीन ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला कुठं एकाच खोलीत राह्यचं आहे? मांजर कसं, ऊन आलं की सावलीत सरकते. उन्हाळ्यात मी खाली, पावसाळ्यात वर."

आम्ही दोन वर्षं 'खाली की वर' यावर डोकं फोडत होतो. तर ठरलं असं: मृग लागला की आई वर, दसरा झाला की खाली. दोन्हीकडे एकेक पलंग.

सोनेगावकर

आईंना नमस्कार सांगा. फक्त मृगावर फार भरवसा ठेवू नका. २०२५ साली मॉन्सून २४ मे लाच केरळात आला होता, आणि अवकाळी तर मार्च-एप्रिलमध्येही येतो. तारखेपेक्षा हवामान खात्याचा इशारा बघा. नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या रात्री आई वर, महिना कोणताही असो. पुढच्या तीन तासांचा अंदाजही ते देतात, झोपण्याआधी एकदा बघायची सवय लावून घ्या. आणि तुमचा पूर २३ सप्टेंबरला आला होता, त्यामुळे दसऱ्यापर्यंत वर ठेवणार हे फार बरं केलंत.

रात्रपाळी_परिचारिका

जून-जुलैत पाऊस लांबला आणि दमट उकाडा झाला तर दुपारी खाली, रात्री वर. त्या दिवसांत कूलरवर विसंबू नका. साधा पंखा, उघडी खिडकी, अंगावर ओला पंचा. जिना कमी उंचीचा केलात तर त्यांना ते जमेल.

नागकाठ

चालेल ताई. व्हॉल्व्ह आणि बोर्डाचं काम याच आठवड्यात सुरू करतोय. चुना मात्र आत्ताच्या गच्चीलाही मारून घेतो, खालचं घर तरी थंड राहील.

हमाल_कळमना

स्थापत्यवाले साहेब, तो चुना टीनावर चालते का?

स्थापत्यवाला

टीनावर चुना धरत नाही दादा, पहिल्या वादळात पापुद्रे निघतात. टीन घासून धुवून घ्या, गंज काढा आणि बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग दोन हात द्या. आतून एक फूट सोडून बांबूचे तट्टे बांधले तर आणखी फरक पडेल. मधली हवा ऊन खाली येऊ देत नाही. बाळ ज्या बाजूला झोपतं तिथून सुरुवात करा.

नागकाठ

दादा, माझी गच्ची लहान आहे. चुन्याऐवजी मीही तोच पांढरा रंग घेतो, २० लिटरची बादली आणतो. निम्मी उरेल. तुमच्या टीनाला पुरेल का बघा. कुठे पोचवू ते निरोप करून कळवा.

हमाल_कळमना

पोचवू नका भाऊ. रविवारी बाजार बंद राह्यते, मीच येतो. आधी तुमच्या गच्चीले हात लावू, मंग बादली घेऊन जाईन. आईसाहेबांले सांगून ठेवा.